पाणी तापलंय, पण मूल येत नाही

सकाळचे पावणेसात. बादलीत पाणी काढून ठेवलंय, पंचा खुंटीवर आहे, रिक्षावाले काका सव्वासातला खाली हॉर्न वाजवणार आहेत, आणि सहा वर्षांचा मुलगा दिवाणाखाली शिरून बसलाय. ‘केस नाही धुवायचे’ एवढंच तो म्हणतोय. आई आधी लाडीगोडी लावते, मग आवाज चढवते, मग पाय धरून ओढून काढते. पुढची दहा मिनिटं बाथरूममध्ये रडारड, डोळ्यांत साबण, आईचे कपडे भिजलेले, आणि घराबाहेर पडताना दोघांचेही चेहरे उतरलेले. ती आई मी होते. दर बुधवारी हे चालायचं. रविवारी शाळा नसायची, पण रडारड तीच. जवळजवळ दीड वर्ष मी समजत होते की पोरगं हट्टी आहे.

एका संध्याकाळी, भांडण नसताना, त्याला वरणभात कालवून देता देता मी विचारलं, ‘केस धुताना सगळ्यात वाईट काय वाटतं रे?’ त्याने घास गिळला आणि म्हणाला, ‘तू मागून पाणी ओततेस. कधी ओतणार ते कळतच नाही.’

मी त्याच्या पाठीमागे उभी राहायचे, कारण मला ते सोयीचं होतं. त्याला तांब्या दिसायचा नाही. डोळे गच्च मिटलेले, कानांत फेस, आणि अचानक डोक्यावर पाण्याचा लोट. नाकातोंडात पाणी जायचं, श्वास अडकायचा. पुढच्या रविवारी मी स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसले. छोट्या नॅपकिनची घडी करून भुवयांच्या वर दाबून धरायला त्याच्याच हातात दिली. तांब्याऐवजी हलका प्लॅस्टिकचा मग घेतला. ‘मान वर कर, छताकडे बघ. तू पाच म्हणालास की मी ओतणार, आधी नाही.’ पहिल्या वेळी पाच म्हणायला त्याने चांगलं अर्धं मिनिट घेतलं. मी थांबले. तिसऱ्या रविवारी त्याने मग माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच ओतून घेतलं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. स्वच्छतेवरून घराघरांत चाललेली भांडणं पालक मला येऊन सांगतात. दात घासत नाही, नखं कापू देत नाही, शाळेतून आल्यावर हातपाय धुवायला दहादा सांगावं लागतं, पारोसाच फिरतो. या सगळ्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. मूल ‘अंघोळ नको’ म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला अख्खी अंघोळ नको नसते. त्यातली एखादीच जागा त्याला नको असते, आणि ती कोणती हे त्याला धड सांगता येत नाही. ती जागा आपण शोधायची.

मारिया मॉन्टेसोरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह सुरू केलं. तिथली एक हकीकत त्यांनीच लिहून ठेवली आहे. एकदा त्यांनी मुलांना नाक कसं शिंकरायचं याचा धडा दिला. रुमाल कसा घडी करून धरायचा, आवाज न करता, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असं नाक कसं पुसायचं, हे त्यांनी सावकाश करून दाखवलं. मुलं टक लावून पाहत होती. धडा संपला तेव्हा मुलांनी नाटक आवडल्यावर वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवल्या. मॉन्टेसोरींनाही आश्चर्य वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की शेंबूड ही या मुलांची कायमची दुखरी जागा आहे. येताजाता सगळे त्यावरून बोलतात, हसतात, रागावतात, पण नाक शिंकरायचं कसं हे आजवर त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

हीच दृष्टी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आपल्या मातीत रुजवली. तिथल्या बालवाड्यांत मुलांचे हातपाय धुणं, केस विंचरणं, नखं काढणं ही शिकवण्याच्या आधी उरकायची कटकट नव्हती, ते शिकवण्याचंच काम होतं. आज आपण मुलांना इंग्रजी अक्षरं महिनोन् महिने गिरवायला देतो. मात्र ‘जा, नीट दात घास’ हे एका वाक्यात सांगतो आणि ते न जमल्यावर रागावतो.

आता हे ‘नीट’ किती मोठं आहे ते बघा. ब्रश ओला करायचा, ट्यूबचं झाकण काढायचं, बेताची पेस्ट काढायची, खालची बाहेरची बाजू, आतली बाजू, चावायची बाजू, मग वरचे दात, मग चूळ, ब्रश धुणं, झाकण लावणं. सहा-सात वर्षांच्या मुलाला यातली निम्मी कामं हाताने नीट जमत नाहीत. शिवाय सकाळी अर्धवट झोपेत त्यांचा क्रम लक्षात राहत नाही. ज्या मुलाचं लक्ष पटकन उडतं, ते झाकण काढताना नळाखालच्या पाण्याशी खेळायला लागतं आणि ब्रश हातातच राहतो. आपल्याला ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

म्हणून पहिला आठवडा काहीही सुधारायला जाऊ नका. फक्त बघा. मूल नेमकं कुठे थांबतं, कुठे पळतं, कुठे रडायला लागतं? दारापाशीच थांबतं, की कपडे काढताना? पाणी अंगावर पडल्यावर, की साबण लावताना? की बाहेर आल्यावर थंडी वाजते म्हणून? एका पालकांनी असंच बघितलं तेव्हा कळलं की त्यांची मुलगी अंघोळीला नको म्हणत नव्हती, गीझरमधून येणाऱ्या घरघर आवाजाला घाबरत होती. पाणी आधी काढून, गीझर बंद करून मग तिला आत बोलावलं. तेवढंच पुरलं.

मुलाला विचाराही, पण बाथरूमच्या दारात नाही. भांडण थंड झाल्यावर, जेवताना, चालताना, रात्री दिवा मालवल्यावर विचारा. ‘का करत नाहीस?’ असं विचारलं की मूल गप्प बसतं. ‘त्यातलं सगळ्यात वाईट काय?’ याचं उत्तर मिळतं. लहान मुलाला शब्द सापडत नसतील तर पर्याय द्या. पाणी गरम असतं की गार? वास आवडत नाही? खाज सुटते? उत्तर आल्यावर ‘त्यात काय एवढं’ म्हणू नका. ते म्हटलं की पुढच्या वेळी उत्तर मिळणार नाही.

दातांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त तक्रारी तिथल्याच. दुसरीतल्या एका मुलीने मला सांगितलं होतं, ‘पेस्ट तिखट लागते.’ मोठ्यांना जो पुदिन्याचा ताजेपणा वाटतो तो कित्येक मुलांच्या जिभेला मिरचीसारखा झोंबतो. फळांच्या चवीची किंवा अगदी सौम्य चवीची, कमी फेस होणारी मुलांची पेस्ट आणून बघा. काही मुलांना फेसानेच उमासे येतात. अशा मुलाला पेस्ट ब्रशवर नुसती पुसट लावून द्या. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढीच पेस्ट लागते. जाहिरातीत ब्रशभर काढलेली असते, तशी नको. पेस्टमध्ये फ्लोराइड असावं, कारण दात किडण्यापासून वाचवणारा घटक तोच. मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्या आणि केस फाकले की बदला. दिवसातून दोन वेळा, दोन-दोन मिनिटं घासायचे. त्यातही रात्रीची वेळ चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांत अडकलेलं गोड रात्रभर तिथेच राहतं.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात एकदा तरी मोठ्या माणसाने घासून द्यायचे असतात, हे पुष्कळ आईवडिलांना माहीत नसतं. त्या वयाआधी बोटांना तेवढं वळण आलेलं नसतं. मूल आधी स्वतः घासेल, मग आपण. यात मुलाला परावलंबी करण्यासारखं काही नाही. आणखी एक गोष्ट. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. त्या जागी कुठलाच दात पडलेला नसतो, त्यामुळे ती आलेली घरात कळतही नाही, आणि ‘दुधाचेच दात आहेत, पडतील’ म्हणत ती किडते. ती पुन्हा येत नाही. मुलाला मांडीवर डोकं ठेवून आडवं निजवा आणि मोबाइलच्या उजेडात तोंडात बघा. घासूनही असंच द्या. उभ्या मुलाच्या तोंडात वरून ब्रश घालण्यापेक्षा हे दोघांनाही सोपं जातं.

काही मुलांचं अंगच फार जाणतं असतं. शर्टाच्या मानेवरचं लेबल त्यांना टोचतं, कंगवा टाळूला ओरखडल्यासारखा लागतो, नखं कापतानाचा ‘कट’ आवाजही सहन होत नाही. स्वमग्न मुलांमध्ये आणि अतिचंचल मुलांमध्ये हे बऱ्याचदा दिसतं, पण तसं कुठलंच निदान नसलेल्या मुलांमध्येही असतं. त्यांना ‘नाटकं करतो’ म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांना खरोखर तसं लागतं. अशा मुलांच्या बाबतीत शॉवरपेक्षा बादली-मग बरा, कारण शॉवरच्या धारा टोचतात. हलक्या हाताने चोळण्यापेक्षा जरा दाबून चोळलेलं चालतं, कारण हलक्या स्पर्शाने गुदगुल्या होतात. नखं अंघोळीनंतर, मऊ पडल्यावर कापा, आणि एका दिवसात वीसच्या वीस कापायचा हट्ट धरू नका. आज उजव्या हाताची, उद्या डाव्या हाताची. टॉवेल जुना, धुऊन मऊ झालेला द्या. हे सगळं करूनही मूल दररोज जिवाच्या आकांताने ओरडत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टची भेट घ्या. अशा मुलांना स्पर्शाची हळूहळू सवय कशी लावायची याचं त्यांना शिक्षण असतं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असे थेरपिस्ट आता भेटतात.

त्यांच्याकडूनच शिकलेली एक युक्ती सगळ्याच मुलांना लागू पडते. एखादं काम शिकवताना शेवटच्या पायरीपासून सुरुवात करायची. अंघोळ आपण घालायची आणि अंग पुसून टॉवेल दोरीवर टाकणं तेवढं मुलाकडे. आठवड्याने अंग पुसणंही त्याच्याकडे. मग पायांवर पाणी घेणं. असं मागे मागे येत जायचं. यात मूल प्रत्येक वेळी काम संपवूनच बाहेर येतं, अर्ध्यात अडकून शिव्या खात नाही. मोरीच्या दारावर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चार-पाच चित्रं क्रमाने चिकटवा. चित्रं मुलानेच काढलेली असली तर उत्तम. मग दर वेळी ‘आता काय राहिलं?’ असं ओरडायला लागत नाही. चित्राकडे बोट दाखवलं की पुरतं.

आता वेळेबद्दल. आपल्या घरांत पूर्वी अंघोळ झाल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसत. त्यामागची सोवळ्याओवळ्याची समजूत आपण सोडली हे चांगलंच झालं, पण त्या क्रमात एक शहाणपण होतं. आधी अंघोळ, मग न्याहारी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांनी १९५९ मध्ये हेच तत्त्व शास्त्रीय भाषेत मांडलं, की जे करायला आवडतं ते कमी आवडणाऱ्या कामाच्या पाठोपाठ ठेवलं की ते नावडतं काम जास्त वेळा होतं. तिकडे या तत्त्वाला ‘आजीचा नियम’ असंच म्हणतात. आपल्या घरात मुलाला ज्याची ओढ आहे ती गोष्ट त्या कामाच्या लगेच पुढे ठेवा. दात घासले की गोष्ट. हातपाय धुतले की खाली खेळायला. मात्र हे धमकीसारखं सांगू नका. ‘घासले नाहीस तर गोष्ट नाही’ आणि ‘घासून झाले की गोष्ट’ यांत मुलाला ऐकू येणारा फरक मोठा आहे.

सकाळची वेळच अवघड असेल तर अंघोळ संध्याकाळी हलवा. अंघोळ सकाळचीच असावी असा आरोग्याचा कुठलाही नियम नाही. उलट मैदानात धुळीने माखून आलेल्या मुलाला संध्याकाळच्या अंघोळीचं कारण सांगावं लागत नाही. घरात पाणी एक दिवसाआड येत असेल, उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागत असेल, तर रोज बादलीभर पाण्याने अंघोळ झालीच पाहिजे असंही नाही. तोंड, हात, काखा, जांघा, ढुंगण आणि पाय एवढं ओल्या पंचाने, साबण लावून नीट पुसलं तरी त्या दिवसापुरतं काम झालं. हे सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. काही दिवस वाईट असतात. ताप उतरलेला असतो, शाळेत काही झालेलं असतं, मूल एकदम कोसळलेलं असतं. त्या दिवशी पूर्ण अंघोळीसाठी भांडू नका, हे एवढं करून घ्या आणि झोपवा. सवय मोडत नाही.

ती कशी मोडत नाही याला आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयींचा अभ्यास केला होता. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ दिवसांतच जमलं, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला. अधेमधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. हा अभ्यास मोठ्या माणसांचा होता. मुलांना, त्यातही अवघड वाटणाऱ्या मुलांना, यापेक्षा जास्त वेळ द्यायची तयारी ठेवलेली बरी. आपण चार दिवस तक्ता लावतो, पाचव्या दिवशी मूल विसरतं आणि आपण म्हणतो, ‘याला काही उपयोग नाही.’ चार दिवसांत काही कळत नाही.

म्हणून एका वेळी एकच सवय घ्या. दात, नखं, अंघोळ, केस, हात, सगळ्यांवर एकदम बोलायला लागलो की मुलाच्या कानावर दिवसभर फक्त स्वतःच्या चुका पडतात. माझा सल्ला, रात्रीचे दात आधी. तिथे जमलं की पुढचं.

तक्ता आणि बक्षीस यांबद्दल दुमत आहे, आणि मला ते लहान मुलांसाठी चालतात असं वाटतं. फक्त बक्षीस छोटं आणि त्याच दिवशीचं असावं. महिनाभर दात घासलेस तर सायकल, असं सहा वर्षांच्या मुलाला सांगणं फुकट आहे. महिना त्याला दिसतच नाही. रोजचा एक ठिपका, पाच ठिपके झाले की रविवारी बाबांबरोबर बागेत जाणं, एवढं पुरे. मिळालेला ठिपका दुसऱ्या कुठल्या चुकीसाठी काढून घेऊ नका. आणि ठिपक्यापेक्षा शब्द महत्त्वाचे. ‘शाब्बास’ हा मोघम शब्द झाला. ‘आज मागच्या दाढांपर्यंत ब्रश नेलास’ हे ऐकल्यावर मुलाला कळतं की आपण नेमकं काय चांगलं केलं.

हात धुण्याबद्दल थोडक्यात. साबण लावून निदान २० सेकंद, बोटांच्या मधे आणि नखांच्या खाली. जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर, या दोन वेळा कुठल्याही सबबीवर सोडायच्या नाहीत. नळ उंच असेल तर खाली पाट ठेवा. वडी हातातून निसटते म्हणून मूल साबण टाळत असेल तर जुन्या जाळीच्या पिशवीत वडी घालून नळाला बांधा. वाढलेल्या नखांखालच्या मातीतून जंतांची अंडी पोटात जातात. शाळेत आणि अंगणवाडीत वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी देतात, ती चुकवू देऊ नका, पण गोळी घेतली म्हणून हात धुणं सुटत नाही.

उवांचं मात्र वेगळं सांगायला हवं. उवा अस्वच्छतेने होत नाहीत. रोज न्हाणाऱ्या मुलीच्या डोक्यातही होतात. डोक्याला डोकं लागलं की त्या चालत जातात, उडत नाहीत की उड्या मारत नाहीत. लिखा फुटायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध एकदा लावून भागत नाही, तेवढ्या दिवसांनी पुन्हा लावावं लागतं. मधल्या काळात ओल्या केसांना तेल किंवा कंडिशनर लावून बारीक दातांच्या फणीने दर दोन-तीन दिवसांनी विंचरा. रॉकेल कधीही लावू नका. त्याने टाळू भाजते, आग लागण्याचा धोका असतो, ते पोटात किंवा फुप्फुसात गेलं तर जीवावर बेतू शकतं. आणि घरातल्या सगळ्यांची डोकी तपासा, नाहीतर एकीच्या उवा दुसरीकडे फिरत राहतात.

कधी जी अस्वच्छता दिसते ते मुळात दुखणं असतं. शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलाच्या चड्डीला रोज शी लागलेली असते, अंगाला वास येतो, आणि ते कबूलही करत नाही. घरात याला आळस किंवा निर्लज्जपणा समजून मार बसतो. बहुतेक वेळा यामागे जुनं बद्धकोष्ठ असतं. घट्ट मळ आतड्याच्या शेवटी साचून राहतो, ती जागा ताणली जाते, शी आल्याची जाणीव बोथट होते, आणि साचलेल्या मळाच्या कडेने पातळ मळ झिरपतो. मुलाला तो झिरपलेला कळत नाही. हे धुऊन, रागावून बरं होत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या औषधाने होतं, काही महिने लागतात, जोडीला जेवणानंतर पाच-दहा मिनिटं पाय टेकवून शांतपणे बसायची सवय लागते. संडास घाण म्हणून शाळेत दिवसभर शी-शू दाबून ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत. तुमचं मूल शाळेत संडासला जातं का, हे विचाराच. तसंच अंथरुणात शू होणं. पाच वर्षांच्या शंभर मुलांमागे पंधरा जणांना तो त्रास असतो. तो झोपेतला आहे, मुलाच्या हातातला नाही. चादर बदला, सकाळी अंग धुवायला लावा आणि त्यावर भावंडांसमोर बोलू नका.

आता मोठ्या होणाऱ्या मुलांबद्दल. मुली साधारण आठ ते तेरा आणि मुलगे नऊ ते चौदा या वर्षांत वयात येऊ लागतात. त्या सुमारास काखेतल्या वेगळ्या घामाच्या ग्रंथी कामाला लागतात आणि घामाला वास यायला लागतो. मुलाला स्वतःला तो येत नाही, कारण नाकाला आपल्या वासाची सवय होते. म्हणून ‘तुला कळत कसं नाही?’ हा प्रश्न फोल आहे. हे एकदाच, एकट्याने, वडिलांनी किंवा आईने, मामाने किंवा मावशीने, ज्याच्याशी मूल मोकळं आहे त्याने सांगावं. तुझं शरीर मोठं होतंय, आता काखेत आणि जांघेत रोज साबण लागेल, बनियन, मोजे आणि चड्डी रोज बदलायची. मुलग्यांना सांगा की शिश्नाची पुढची त्वचा आपोआप जेवढी मागे सरकते तेवढीच सरकवून पाण्याने धुवायची, ओढायची नाही. मुलींना पाळीच्या आधीच पॅड कसं लावायचं, चार ते सहा तासांनी कसं बदलायचं, वापरलेलं कशात गुंडाळून टाकायचं, हे करून दाखवा. पाळी आल्यावर घाबरलेल्या अवस्थेत नाही. या वयात बाथरूमची कडी लावायचा हक्क द्या. ज्या घरात दार ढकलून आत येतात तिथे मुलं अंघोळ लवकर उरकतात, आणि मग आपण त्याला काकस्नान म्हणतो. साबण, शांपू त्यांना निवडू द्या. स्वतः आणलेली वस्तू वापरली जाते.

नीट राहणारं मूल अचानक अंघोळ करेनासं झालं, केस विंचरेनासं झालं, तर ते हट्टाचं समजू नका. मन खचल्याचं ते पहिलं लक्षण असू शकतं. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्यासाठी आहे. कपडे काढायला, कुणा एका व्यक्तीकडून अंघोळ घालून घ्यायला मूल अचानक घाबरू लागलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा, शांतपणे ऐका, आणि गरज वाटली तर १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

शेवटचं मी माझ्याच पेशातल्या लोकांसाठी आणि पालकांसाठी एकत्र लिहिते. ‘घाणेरडा’ हा शब्द मुलाला लावू नका. हात घाण झालेत असं म्हणा, तू घाण आहेस असं नको. एका शाळेत मी परिपाठाच्या रांगेत नखं तपासताना पाहिलं आहे. ज्यांची वाढलेली त्यांना पुढे बोलावून सगळ्यांसमोर हात वर करायला लावले होते. त्यातल्या एका मुलाची आई पहाटे पाचला कामावर जायची आणि घरात नेलकटर नव्हतं. माझ्या वर्गात आता टेबलाच्या खणात दोन नेलकटर, एक फणी आणि साबणाचा डबा असतो. शनिवारी शाळा सुटायच्या आधी ज्याला हवं तो खिडकीपाशी बसून नखं कापतो, ज्याला जमत नाही त्याला मी कापून देते. वापरलं की नेलकटर साबणाने धुऊन, पुसून ठेवायचं, तेही मुलंच करतात. कुणाचं नाव घेतलं जात नाही.

आणि वर्गातल्या एखाद्या मुलीच्या डोक्यात उवा दिसल्या तर तिला शेवटच्या बाकावर एकटं बसवू नका. तिच्या आईला बाजूला बोलावून औषध आणि फणीचं सांगा. उवा पंधरा-वीस दिवसांत जातात. तोपर्यंत तिला तिच्या जागेवर, तिच्या मैत्रिणीशेजारीच बसू द्या, फक्त दोघींच्या वेण्या घट्ट बांधा.